सवाई माधवराव : एका पडण्याने थांबलेले आयुष्य

पिरंगुट, ता. २४ - सवाई माधवराव पेशवे शनिवारवाड्यात उंचावरून कोसळले तो दिवस २५ ऑक्टोबर १७९५. उद्या त्या घटनेचा स्मरणदिन. त्या पडण्याने पेशवाईचा इतिहास बदलला. कारखान्यांच्या छपरांवर आणि बांधकामांवर माणसे राबतात अशा पिरंगुट परिसराला तर त्यातून आजही शिकण्यासारखे आहे.

सवाई माधवरावांचा जन्म १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदर किल्ल्यावर झाला. वडील नारायणराव यांचा खून त्याआधीच, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात झाला होता. अवघ्या चाळीस दिवसांच्या या बाळाला पेशवेपदाची वस्त्रे मिळाली. कारभार बारभाईंनी आणि पुढे प्रामुख्याने नाना फडणवीसांनी सांभाळला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांनी रघुनाथरावांचा पाठिंबा सोडला आणि बालपेशव्यांचे आसन स्थिर झाले. मातोश्री गंगाबाई लवकरच निवर्तल्या. पशुपक्ष्यांची आवड असलेला हा मुलगा नानांच्या कडक शिस्तीत वाढला. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी निजामावर विजय मिळविला, तेव्हा पेशवे वीस वर्षांचे होते.

त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमारास त्यांची प्रकृती बिघडली. मनही अस्वस्थ होते. २५ ऑक्टोबर रोजी ते वाड्यातून खाली कारंज्यावर कोसळले. दोन अवयवांची हाडे मोडली आणि कारंज्याच्या नळीने मोठी जखम झाली, असे ग्रँट डफ यांनी नोंदविले आहे. दोन दिवसांनी, २७ ऑक्टोबरला, वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ही आत्महत्या की तापाच्या भरातील अपघात, यावर इतिहासकारांत आजही मतभेद आहेत.

त्या वेळी वैद्यांना दिसल्या त्या बाहेरच्या जखमा. शरीराच्या आत काय मोडले, हे पाहण्याचे साधनच नव्हते. रॉन्टजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, म्हणजे या घटनेनंतर शंभर वर्षे आणि चौदा दिवसांनी. उंचावरून पडताना बसणारा धक्का पायांकडून कमरेकडे आणि तेथून मणक्यांत जातो. पाठ आणि कंबर यांच्या सांध्यावरील मणके तेव्हा सहज मोडतात. पाठीच्या वरच्या मणक्यांना फासळ्यांचा आणि छातीच्या मधल्या हाडाचा आधार असतो. छाती आणि मणका दोन्ही मोडल्यास तो आधार जातो. श्वास आणि मज्जारज्जू दोन्ही धोक्यात येतात. मोडलेला पाय मात्र आधी नजरेत भरतो आणि आतली इजा लक्षात येत नाही. म्हणूनच गंभीर जखमींची आज डोक्यापासून कमरेपर्यंत सीटी स्कॅनने तपासणी केली जाते.

सवाई माधवरावांना मूल नव्हते. त्यांच्यामागे वारसाचा तंटा पेटला. १७९६ च्या अखेरीस दुसरे बाजीराव गादीवर आले आणि १८१८ मध्ये पेशवाई बुडाली.

आज साधने आहेत. परंतु रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा वेळ अजूनही भोवतालच्या माणसांच्याच हाती असतो. उंचावरून पडलेल्या माणसाला घाईने उचलून बसवू नये, वाहनात कोंबू नये. तेथे आणखी धोका नसेल, तर मान आणि पाठ न हलविता त्याला तसेच ठेवावे, वाहणारे रक्त दाबून धरावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.