विश्लेषण : मुक्काम ठोकणाऱ्या विषाणूंना ‘बी पेशी’ कशा रोखतात? बर्नेट यांनी काय शोधले?

काही विषाणू आठवड्याभरात शरीरातून जातात, तर काही आयुष्यभर ठाण मांडतात. त्यांना काबूत ठेवण्यात ‘बी पेशीं’चा मोठा वाटा असतो. या पेशींचे काम समजण्याचा पाया सर फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी घातला, तेव्हा हे नावही रूढ नव्हते.

बर्नेट कोण होते?

३ सप्टेंबर १८९९ रोजी ऑस्ट्रेलियातील ट्रॅरॅल्गन येथे त्यांचा जन्म झाला. लहानपणी भुंगे गोळा करण्याचा छंद. मेलबर्नमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतल्यानंतर तेथीलच वॉल्टर अँड एलिझा हॉल संस्थेत त्यांनी संशोधन केले. १९४४ ते १९६५ या काळात ते तिचे संचालक होते. कोंबडीच्या अंड्यात विषाणू वाढवण्याच्या तंत्रात त्यांचा हातखंडा होता. १९५१ मध्ये मेंदूज्वराची साथ आली. सशांच्या नायनाटासाठी सोडलेल्या विषाणूमुळेच ती आल्याची भीती पसरली. तेव्हा बर्नेट यांनी दोन सहकाऱ्यांसह तो विषाणू स्वतःला टोचून घेतला. तिघांनाही काही झाले नाही.

उंदरांचे कोडे काय होते?

एरिक ट्राउब यांना १९३०च्या दशकात असे उंदीर आढळले, ज्यांना आईच्या पोटातच एका विषाणूची लागण होई. तो आयुष्यभर अंगात राही, तरी ते धडधाकट दिसत. यावरून बर्नेट यांनी १९४९ मध्ये मांडले, की आपले कोण आणि परके कोण हे शरीर जन्माच्या सुमारास शिकते. पीटर मेडावार यांनी त्याला प्रयोगाचा आधार दिला. १९६० मध्ये दोघांना नोबेल मिळाले.

१९५७चा सिद्धांत काय?

विषाणूचा साचा घेऊन शरीर प्रतिपिंडे घडवते, असे तेव्हा अनेक शास्त्रज्ञ मानत. बर्नेट यांनी हे उलटे केले. असंख्य पेशी आधीच तयार असतात आणि प्रत्येकीकडे एकाच प्रकारचे प्रतिपिंड असते. ज्या पेशीचे प्रतिपिंड विषाणूशी जुळते, तिचीच संख्या वाढते. १९६०च्या दशकात प्रतिपिंडे बनवणाऱ्या या पेशींची ‘बी पेशी’ म्हणून ओळख पटली. माणसात त्या अस्थिमज्जेत तयार होतात.

त्यांचा अंदाज कुठे चुकला?

ट्राउब यांचे उंदीर त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे बनवतच नाहीत, असा समज होता. पुढे दिसले, की ती बनत होती. पण विषाणूला चिकटून मूत्रपिंडात साचत होती. म्हणजे बी पेशी गप्प नव्हत्या, पण विषाणू हटत नव्हता.

आज याचे महत्त्व काय?

लागण झालेल्या पेशी मारण्याचे काम मुख्यतः टी पेशी करतात. बी पेशींची प्रतिपिंडे मोकळ्या विषाणूला नव्या पेशीत शिरू देत नाहीत. विषाणू रूप बदलतो, तशा बी पेशीही आपली प्रतिपिंडे सुधारत जातात. शिवाय विषाणूचे तुकडे दाखवून त्या टी पेशींना मदत करतात.

हा पहारा उठला की काय होते, हे रुग्णांमध्ये दिसते. काही कर्करोगांवर आणि संधिवातावर दिले जाणारे रिटुक्सिमॅब हे औषध बी पेशी नष्ट करते. हिपॅटायटिस बी बरा झाल्यावरही त्याचा विषाणू यकृतात दडून राहू शकतो. या औषधानंतर तो पुन्हा उसळून जीवघेणा ठरू शकतो. त्यामुळे औषध सुरू करण्यापूर्वी हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी आवश्यक असते.

३१ ऑगस्ट १९८५ रोजी बर्नेट यांचे निधन झाले. हिपॅटायटिस बी आणि एचआयव्हीवरील संशोधन आजही त्यांच्या सिद्धांताच्या पायावर उभे आहे.