कलाभवनाचे प्रोफेसर गज्जर

दांडिया बाजाराकडून जाता-येता कलाभवन लागले, की आम्हां बडोदेकर मराठी मंडळींच्या मनात पहिले नाव येते ते श्रीमंत सयाजीराव महाराजांचे. ते योग्यच आहे. पण महाराजांच्या मनातल्या कल्पनेला ज्यांनी आकार दिला, त्या प्रोफेसर त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांची आठवण आमच्या घरांतून क्वचितच निघते. यंदाच्या स्मरणिकेत ती मुद्दाम काढत आहोत.

गज्जरांचा जन्म १८६३ सालचा, सुरतेचा. महाराजांचा जन्मही त्याच सालचा, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा. एक शेतकऱ्याच्या घरातून गादीवर आलेला, दुसरा सुताराच्या घरातून कॉलेजात गेलेला. गज्जर हे आडनावच सुतारकीचे. वडील कल्याणदास शिल्पशास्त्राचे जाणकार होते, त्यामुळे हत्यारांशी ओळख घरातच झाली. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात रसायनशास्त्राचे शिक्षण झाल्यावर, १८८६ च्या सुमारास, ते बडोदा कॉलेजात प्राध्यापक म्हणून आले. पदवी घेऊनही हाताने काम करण्याची लाज त्यांना कधी वाटली नाही आणि पुढचे सारे त्यातूनच घडले.

तो काळ गुजरातच्या रंगाऱ्यांना कठीण होता. मंजिष्ठा, आल, नीळ यांवर पिढ्यान्‌पिढ्या चाललेला त्यांचा धंदा जर्मनीतून येणाऱ्या नव्या रंगांनी धोक्यात आला होता. दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेले हे रंग स्वस्त आणि झगझगीत. पण रेशमावर सहज चढणारा रंग सुती कापडावर चढवायचा तर आधी हिरड्यासारख्या तुरट द्रव्याची आणि धातूच्या क्षाराची बैठक द्यावी लागते, हे रंगाऱ्याला सांगणार कोण? पुडी विकत मिळे, विद्या मिळत नसे. कापड पहिल्याच धुण्यात फिके पडले, की बोल मात्र रंगाऱ्याला लागे.

गज्जरांनी हे दुखणे ओळखले. नवे रंग येणारच, तेव्हा त्यांचे शास्त्र कारागिराच्या हाती दिले पाहिजे, असे त्यांचे मत होते. १८९० साली महाराजांनी कलाभवन स्थापन केले आणि त्याची सूत्रे गज्जरांकडे दिली. दोघेही तेव्हा अवघे सत्तावीस वर्षांचे! रंगशास्त्र, यंत्रविद्या, स्थापत्य, चित्रकला असे विभाग निघाले. जर्मन तज्ज्ञ शिकवायला आणले गेले. वर्गात रसायनाचे तत्त्व समजून घ्यायचे आणि लगेच प्रयोगशाळेत ते सुतावर उतरवायचे, अशी शिस्त होती. आज पॉलिटेक्निकांतून उद्योगांशी सहकार्य आणि उपयोजित संशोधन यांची जी चर्चा चालते, तिचे मूळ रूप आपल्या गावात तेव्हाच उभे राहिले होते.

त्याहून धाडसाची गोष्ट म्हणजे शिक्षण देशी भाषेतून देण्याचा आग्रह. इंग्रजी येत नाही म्हणून सुताराच्या, रंगाऱ्याच्या मुलाला दारातून परत जावे लागू नये, ही त्यामागची दृष्टी. त्यासाठी पुस्तके हवीत, पुस्तकांसाठी परिभाषा हवी. 'सयाजी ज्ञानमंजूषा' ही ग्रंथमाला याच खटाटोपातून निघाली.

आमच्या मराठी घरांना अभिमान वाटावा असा एक विद्यार्थी याच वास्तूत वावरला. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून थोरल्या भावाबरोबर बडोद्याला आले आणि कलाभवनात दाखल झाले. या मुलाची धडपड पाहून गज्जरांनी त्याला छायाचित्रणाचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरायला दिली. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणणाऱ्या दादासाहेबांचा हात फिल्म धुण्याच्या रसायनांवर इथेच बसू लागला होता.

कलाभवन वाढत होते, पण संस्थानभर धंदेशिक्षणाचे जाळे विणण्याच्या गज्जरांच्या योजनेला दरबाराकडून हवे तितके बळ मिळाले नाही. १८९६ साली त्यांनी बडोदे सोडले आणि मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवू लागले. त्याच साली मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले गेले. हे काम दामोदर चापेकरांचे, हे पुढे उघड झाले. पुतळा मुळात बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी दिलेला. संगमरवरात मुरलेला तो डाग इतरांना काढता येईना, तो काढला गज्जरांनी. देशाभिमान्यांच्या नजरेत तेव्हा ही कामगिरी कशी दिसली असेल, हा विचार मनात येतोच. पण हिंदी माणसाच्या प्रयोगशाळेत काय होऊ शकते, हे मात्र त्यामुळे सर्वांना कळले.

पुढे मुंबईत त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा काढली. काळवंडलेले मोती उजळण्याची त्यांची पद्धत जव्हेरी बाजारात फार मोलाची ठरली. मात्र त्यांची खरी कमाई म्हणजे त्यांचे शिष्य. त्यांपैकी कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांच्यासह १९०७ साली त्यांनी अलेंबिक केमिकल वर्क्स उभे केले. मद्यार्क आणि औषधी अर्क यांपासून सुरुवात झालेला हा कारखाना बडोद्याच्या औषध उद्योगाचा पाया ठरला. गुरू गुजराती, शिष्यांत एक मराठी, एक गुजराती. बडोद्याच्या मातीला शोभेल असाच हा मेळ.

१९२० साली, सत्तावन्नाव्या वर्षाच्या आतबाहेर, गज्जर गेले. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ झाले, तेव्हा कलाभवन त्याच्या तंत्रज्ञान शाखेत विलीन झाले. इमारत उभी आहे, मुले शिकत आहेत. देशी भाषेतले तंत्रशिक्षण मात्र मागे पडले.

आमचे पूर्वज बडोद्यात आले ते बहुतेक सरदारी, शिलेदारी, नाही तर कारकुनीच्या निमित्ताने. कचेरीतली नोकरी मोठी आणि कारखान्यातले काम हलके, हा हिशेब पुष्कळ घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालला. कलाभवन हाकेच्या अंतरावर असूनही त्याच्या दारात आमच्यातले थोडेच गेले. जे गेले, त्यांनी काय केले हे फाळके आणि कोटीभास्कर यांच्याकडे पाहून कळते. आज आमच्या घरातले एखादे लेकरू पॉलिटेक्निकला जायचे म्हणाले, तर दहावीच्या टक्क्यांचा विषय काढून त्याला नाउमेद करण्याआधी सुरतेच्या या सुतारपुत्राची गोष्ट त्याला जरूर सांगावी, आणि आपणही एकदा ऐकावी.

गणपती ही विद्येची देवता आणि चौसष्ट कलांचाही अधिपती. त्याच्या उत्सवात प्रोफेसर गज्जरांना आम्हां बडोदेकरांचे सादर वंदन.