घोड्यावरचे महाराज आणि सासवण्याचे नाना

पुण्यात शिवाजीनगरला, श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे. माझे बालपण त्याच परिसरात गेले. वडील मला सायकलच्या दांडीवर बसवून तिकडून जाऊ लागले की पुतळ्यासमोर हटकून थांबत, हात जोडत आणि मगच पुढे निघत. पुढे मीही मुलांना तसेच नेले. गेल्या शिवजयंतीला नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन गेलो, तर त्याने विचारले, आजोबा, हा घोडा कुणी केला? मला उत्तर देता आले नाही. साठ वर्षे ज्या पुतळ्याला नमस्कार केला, तो घडवणाऱ्याचे नाव मला ठाऊक नव्हते. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली आणि मी त्या माणसाच्या शोधाला लागलो.

तो माणूस म्हणजे विनायक पांडुरंग करमरकर, जवळच्यांचे नानासाहेब. जन्म १८९१ चा, अलिबागजवळच्या सासवणे या गावचा. नारळी-पोफळीच्या वाड्या, पलीकडे समुद्र, आणि त्या काळी मुंबई गाठायची तर पाण्यावाटेच. अशा गावात मूर्तिकार होण्याचे स्वप्न कोण पाहणार? पण विनायकाच्या हातांना स्वस्थता नव्हती. मातीचे गणपती करावेत, भिंती रंगवाव्यात, असा त्याचा नाद. गावातल्या राममंदिराच्या भिंतीवर त्याने घोड्यावर बसलेल्या शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते.

त्या चित्राने त्याचे नशीब पालटले. कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड गावी आले असताना त्यांच्या नजरेस ते पडले. हे कुणाचे काम, म्हणून त्यांनी चौकशी केली आणि त्या मुलाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घालण्यासाठी खटपट केली. परक्या राज्यकर्त्याच्या एका अधिकाऱ्याला शिवाजीच्या चित्रातली कला दिसावी आणि त्यातून एका कोकणी मुलाचे आयुष्य उभे राहावे, या योगायोगाचे मला फार नवल वाटते.

जे. जे. मधले शिक्षण संपल्यावर करमरकर कलकत्त्याला गेले. टागोर घराण्यातल्या सुरेंद्रनाथांचा त्यांना आधार मिळाला आणि तिथे त्यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला. मग १९२० च्या सुमारास ते विलायतेला गेले आणि लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकले. परत आल्यावर काही काळाने ते मुंबईत स्थिरावले. त्यानंतर आले ते काम, ज्याच्यासमोर माझे वडील सायकल थांबवत.

या पुतळ्याची कल्पना कोल्हापूरच्या शाहू महाराजांची. त्या काळी आपल्या शहरांतल्या मोक्याच्या जागी पुतळे असत ते बहुतेक राणीचे, व्हाइसरॉयचे नाही तर गव्हर्नरचे. अशा दिवसांत पुण्यात शिवछत्रपतींचे भव्य स्मारक व्हावे, ही गोष्ट साधी नव्हती. नोव्हेंबर १९२१ मध्ये पायाभरणी झाली, ती मात्र इंग्लंडच्या युवराजाच्या हस्ते. पुढल्याच वर्षी शाहू महाराज गेले. त्यांचे अपुरे राहिलेले काम राजाराम महाराजांनी पुढे नेले आणि पुतळा घडवण्याची जबाबदारी करमरकरांवर आली.

साडेतेरा फूट उंच आणि वजन सुमारे आठ टन! आधी मातीत घडवायचे, त्यावरून साचा घ्यायचा आणि मग ब्राँझचा रस ओतायचा. एवढा मोठा पुतळा सोयीसाठी तुकड्यातुकड्यांत ओतून नंतर जोडता येतो. करमरकरांनी तो एकसंध ओतायचे ठरवले. यातली जोखीम घरच्या बायकांना चटकन कळेल. पाक एकदा बिघडला की त्याच्या वड्या पडत नाहीत. इथे तर टनावारी धातूचा रस होता. साचा कुठे फुटला, रस मध्येच थंडावला, आत हवा अडकली, तर महिनोन्‌महिन्यांची मेहनत मातीमोल. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये हे ओतकाम झाले आणि ते साधले. जहाजांची कामे करणाऱ्या त्या गोदीतून महाराज बाहेर पडले आणि रेल्वेने, घाटातले बोगदे ओलांडत पुण्याला आले. जून १९२८ मध्ये गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते अनावरण झाले. करमरकर तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. देवळाच्या भिंतीवरचा तो घोडेस्वार आता ब्राँझमध्ये उभा होता.

एवढे कळल्यावर मला घरात बसवेना. गेट वेहून लाँचने मांडव्याला उतरलो आणि तिथून सासवण्याला गेलो. नानासाहेबांचे घर आता शिल्पालय म्हणून जपलेले आहे. मला वाटले होते, इथे सगळे राजे-महाराजे आणि पुढारी भेटतील. मोठ्या माणसांचे पुतळे आहेतच, पण मन अडकले ते दुसरीकडेच. अंगणात एक म्हैस आहे, इतकी खरी की पाहताक्षणी मी दोन पावले बाजूला झालो. घरात कोळणी आहेत, कष्टकरी माणसे आहेत, रोज दारावरून जाणारी गावची बायामाणसे आहेत. यांतली कितीतरी कामे सिमेंटची, म्हणजे घर बांधायच्या मालातली. ज्याने आठ टनांचे ब्राँझ पेलले, त्याला आपल्या गावची म्हैसही तेवढ्याच मन लावून घडवावीशी वाटली. छत्रपती आणि कोळीण यांच्याकडे त्याने सारख्याच आदराने पाहिले. शहराचा वारसा म्हणतात तो हाच नव्हे का? त्यात राजा येतो, आणि ज्यांच्यासाठी राजा लढला ती माणसेही येतात.

नानासाहेबांना पद्मश्रीचा मान मिळाला. १९६७ मध्ये ते गेले. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९६५ मध्ये, मुंबईच्या रस्त्यांवरचे इंग्रजी अमदानीतले कितीतरी पुतळे काढले गेले, त्यांतले काही राणीच्या बागेत नेऊन ठेवले. सत्तेने बसवलेले पुतळे सत्तेबरोबर उठले. पुण्याचा घोडेस्वार मात्र जागचा हलला नाही, कारण त्याला लोकांनी आपले मानले होते. त्यावर दरवर्षी हार चढतात, ढोल वाजतात. फक्त तो घडवणाऱ्याचे नाव कुणी घेत नाही. ते न घेणाऱ्यांत मीही होतो, म्हणून इतरांना दोष देण्याचा मला अधिकार नाही.

सासवण्याहून परतल्यावर नातवाला सारी हकिगत सांगितली. त्याने सगळे ऐकून घेतले आणि शेवटी, मला ती म्हैस बघायची आहे, एवढेच म्हणाला. येत्या सुटीत त्याला नेणार आहे. तुमच्याही गावात चौकात, शाळेपुढे नाहीतर बागेत एखादा पुतळा असेलच. आज रविवार आहे. संध्याकाळी मुलांना घेऊन जा, नमस्कार करा आणि चौथऱ्यावर शिल्पकाराचे नाव कुठे कोरले आहे का, तेही जरा शोधा. सापडले नाही, तर गावातल्या जुन्या माणसांना विचारा. आमच्या घरात एका पोराने विचारले, तेव्हा कुठे नानासाहेबांची ओळख झाली.