न्यायमूर्ती रानडे आणि त्यांचे वडील

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे प्रथम भेटतात ते भारतीय अर्थविचाराच्या धड्यात. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी दिलेले व्याख्यान आणि इंग्लंडातले सिद्धान्त हिंदुस्थानला जसेच्या तसे लागू पडत नाहीत हा त्यांचा आग्रह, एवढे पाठ केले की गुणांची सोय होते. मीही तेवढेच पाठ केले होते. पुढे रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक वाचनात आले आणि त्या धड्यातला पगडीवाला गृहस्थ मला एकदम कोणाचा तरी मुलगा म्हणून दिसू लागला.

माधवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. बालपण कोल्हापुरात गेले, कारण वडील गोविंदराव तेथे संस्थानच्या नोकरीत होते. पुढे मुंबईस शिक्षण, १८६२ मध्ये बी. ए., १८६४ मध्ये एम. ए., मग कायद्याची परीक्षा. १८७१ मध्ये ते पुण्यास न्यायाधीश म्हणून आले. विष्णुशास्त्री पंडितांच्या बरोबरीने ते विधवाविवाहाच्या चळवळीत होते आणि तिच्यापायी त्यांनी सनातन्यांचा बहिष्कारही सोसला होता.

१८७३ च्या ऑक्टोबरात त्यांची पत्नी सखूबाई क्षयाने वारली. माधवराव तेव्हा एकतीस वर्षांचे होते. मित्रांना वाटले, हा माणूस आता विधवेशी विवाह करून बोलल्याप्रमाणे वागून दाखवील. गोविंदरावांनाही नेमके तेच वाटले, पण त्यांना त्याची धास्ती होती. मुंबईच्या मित्रांची पत्रे मुलाच्या हाती पडू नयेत म्हणून त्यांनी टपालावर नजर ठेवली, आलेली पत्रे अडवली आणि तेवढ्या अवधीत मुलगी पाहून ठेवली.

येथे मी वाचता वाचता थांबलो. जो मनुष्य दिवसभर न्यायासनावर बसून लोकांच्या मिळकतींचे आणि हक्कांचे निवाडे करतो, त्याला घरी स्वतःच्या नावाचे पत्र मिळू नये! आमच्या चिटगुप्प्यात आता पत्रे फारशी येत नाहीत, पण मोबाइल आहे. माझा मोबाइल वडिलांनी एकदा न विचारता उघडून वाचला होता. त्यात लपवण्यासारखे काही नव्हते. तरी दोन दिवस मला जेवण गोड लागले नाही. का, ते मला तेव्हा सांगता आले नव्हते.

वधू होती देवराष्ट्रे येथील कुर्लेकरांची कन्या यमुना, वय अकरा. माधवरावांनी वडिलांना परोपरीने विनवले. निदान काही महिने थांबा, वाटल्यास मी अविवाहित राहीन, विधवेशी लग्न करणार नाही, असाही शब्द दिला. गोविंदराव बधले नाहीत. वधूपक्षाला शब्द गेला आहे, आता नकार दिलास तर मी कोल्हापूरला निघून जाईन आणि आपला संबंध संपला असे समजेन, असे त्यांनी निक्षून सांगितले. माधवराव नमले. डिसेंबरात लग्न झाले. मुलीला विचारण्याचा तर प्रश्नच कोणाच्या मनात आला नाही. तिचे नावही बदलून रमा झाले.

गोविंदराव दुष्ट होते असे मला वाटत नाही. बहिष्कार म्हणजे काय ते त्यांनी पाहिले होते, घर मोडेल ही भीती खोटी नव्हती. पण मुलाच्या हिताची काळजी वाहणे आणि त्याची पत्रे दाबून ठेवणे यांत अंतर आहे, आणि संबंध तोडण्याची धमकी तर सरळ सरळ जबरदस्तीच. माधवरावांनाही मी पुरते निर्दोष धरत नाही. त्यांच्या मित्रांनी त्यांना दोष दिला तो योग्यच होता. एकतीस वर्षांचा कमावता पुरुष नाही म्हणू शकला नाही, त्याची किंमत अकरा वर्षांच्या पोरीने मोजायची होती. मात्र अध्यापकवर्गाची क्षमा मागून विचारतो, आपल्यापैकी किती जणांनी वडिलांसमोर उभे राहून नाही म्हटले आहे?

त्यांनी केले ते एवढेच. वैदिक विधीपलीकडे लग्नात कोणताही लौकिक सोहळा होऊ दिला नाही. लग्न लागल्यावर घरी येऊन खोलीचे दार लावून घेतले आणि कोणाशी बोलले नाहीत. पुढे रात्री त्या मुलीला लिहिता-वाचता येते का, असे विचारले. येत नव्हते. मग त्यांनी स्वतः पाटीवर अक्षरे गिरवून घेण्यास आरंभ केला. घरच्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच खपले नाही, टोमणे आणि छळ रमाबाईंच्या वाट्याला आला. या बाबतीत मात्र माधवराव मागे हटले नाहीत. मराठी झाले, मग इंग्रजी सुरू झाले.

१८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १६ जानेवारी १९०१ रोजी वारले. रमाबाईंनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाचे काम उभे केले. पुढच्याच वर्षी त्यांचे ते आठवणींचे पुस्तक निघाले, आणि अडवलेल्या पत्रांची हकीकत आपल्याला कळली ती त्या पाटीवर अक्षरे गिरवणाऱ्या हातामुळे.