पंखांची टोकं आणि विल्बर राइट

शाळेच्या स्मरणिकेत ही गोष्ट शालान्त प्रमाणपत्र न मिळालेल्या माणसाची. विल्बर राइटचा जन्म १६ एप्रिल १८६७ रोजी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात झाला. १८८४ साली शाळेचं शेवटचं वर्ष संपत आलेलं असताना कुटुंब ओहायोतल्या डेटनला गेलं आणि प्रमाणपत्र राहिलं ते राहिलंच. पुढे बर्फावर हॉकी खेळताना तोंडावर काठी बसून दात गेले. कॉलेजचा विचार मागे पडला. क्षयाने आजारी आईची सेवा करत आणि वडिलांची पुस्तकं वाचत त्याने काही वर्षं घरातच काढली. १८८९मध्ये आई गेली. १८९२मध्ये धाकट्या ऑर्व्हिलबरोबर त्याने सायकलचं दुकान काढलं.

१८९६मध्ये जर्मनीत ओटो लिलिएन्थाल ग्लायडर कोसळून गेला. हवेत वेग मंदावला आणि अंग झुकवून तोल सावरता आला नाही. आधी तोल, मग इंजिन, हे विल्बरने ठरवलं. १८९९मध्ये दुकानात ट्यूबचं रिकामं खोकं हातात पिळताना त्याला उपाय दिसला. पंखांची टोकं तशीच उलटसुलट पिळली, तर ज्या टोकाचा कोन वाढेल ती बाजू वर जाईल.

पण वर जाणारं टोक हवेत जास्त अडतंही. त्यामुळे १९०२मध्ये किटी हॉकला ग्लायडर खालच्या पंखाकडे घसरायचं आणि टोक वाळूत रुतायचं. दोघे भाऊ गमतीने त्याला विहीर खणणं म्हणत. मागचं स्थिर शेपूट हलतं करावं, असं ऑर्व्हिलने सुचवलं. ते पंख पिळणाऱ्या तारांनाच जोडावं, ही भर विल्बरची.

१७ डिसेंबर १९०३चं उड्डाण आपण पुस्तकात वाचलं. त्याच्या तीनच दिवस आधी विल्बरने विमानाचं नाक जास्त वर घेतलं, वेग संपला आणि साडेतीन सेकंदांत विमान वाळूत आलं. खरी गाठ पुढेच होती. वळताना आतल्या पंखाचं टोक हळू जातं. वेग फार घटला की त्याची उचल संपते, आणि ते पिळून वर आणायला जावं तर आणखी खाली जातं. १९०५मध्ये उत्तर सापडलं: नाक खाली करा, वेग घ्या, मग पंख सरळ करा. ५ ऑक्टोबरला विल्बर ३९ मिनिटं, सुमारे ३९ किलोमीटर घिरट्या घालत उडाला.

आज घरी विमान बांधणारे अनेक हौशी लोक पंखाच्या टोकाचा कोन मुळापेक्षा थोडा कमी ठेवतात. त्यामुळे वेग घटला तरी टोकं शेवटपर्यंत ताब्यात राहतात. तरीही उतरण्यापूर्वीच्या हळू वळणात नाक वर खेचण्याचा मोह जिवावर बेततो.

सॉफ्टवेअरमध्ये इतकी वर्षं काढल्यावर मला विल्बरची एक सवय सगळ्यात मोठी वाटते. प्रयोगांच्या नोंदी तो वहीत लिहून ठेवायचा. प्रयोगवहीसाठी आपल्या मागे लागणाऱ्या सर-बाईंना हे नक्की आवडेल.

३० मे १९१२ रोजी, ४५व्या वर्षी, विषमज्वराने तो गेला. प्रमाणपत्र मिळालं ते मरणोत्तर, १९९४मध्ये.