शरणपूरचे याकोब वेनराइट

नाशिकच्या शरणपूर भागांतून आपण नित्य जातों येतों. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम प्राइस यांनीं येथें ख्रिस्ती गांव वसविलें. गुलामांच्या गलबतांतून सोडविलेलीं आफ्रिकी मुलें येथें आणून ठेवीत व त्यांस लेखनवाचन, प्रार्थना आणि सुतारकाम, लोहारकाम असे धंदे शिकवीत. याओ जातींत जन्मलेले याकोब वेनराइट हे त्या मुलांपैकींच होत.

१८७२ सालीं डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीस जी टोळी झांझिबारहून निघाली, तींत शरणपूरच्या सोबत्यांसह याकोब होते. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभीं, आज झांबिया म्हणतात त्या देशांत, चितांबो नांवाच्या नायकाच्या गांवीं डॉक्टरसाहेबांनीं देह ठेविला. त्यांचें हृदय डब्यांत घालून झाडाखालीं पुरिलें. तेव्हां याकोबांनीं अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर नांव व तारीख कोरली. इतरांनीं देह मिठानें व उन्हानें वाळवून झाडाच्या सालींत गुंडाळिला, वर शिडाचें कापड शिवून त्यास डांबर लाविलें. जवळच दोन जाड खांब रोवून त्यांवर आडवें लाकूड बसविलें.

परंतु कोरलेलें अक्षर रानांत टिकावें कसें? गवत वाळण्याच्या ऋतूंत वणवे पेटतात. म्हणून झाडाभोंवतालचें गवत काढीत जावें, अशी त्यांनीं चितांबोस विनंति केली व त्यानें ती मान्य केली. तो ख्रिस्ती नव्हता. तरी परक्याच्या खुणेची राखण त्यानें आपली मानिली.

सुसी व मुंबईच्या शाळेंत राहिलेले चुमा यांच्या पुढारीपणाखालीं मंडळी सुमारें नऊ महिने चालून समुद्रकिनाऱ्यास पोंचली. याकोब देहाबरोबर इंग्लंडास गेले आणि १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबींत पेटीच्या मानकऱ्यांत चालले. पुढें त्यांनीं आफ्रिकेंत मिशनचें काम केलें. १८९२ सालीं उरांबो येथें ते वारले. तें झाड १८९९ पर्यंत उभें होतें; मग कोरींव भाग कापून लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे धाडण्यांत आला.

आपल्या खेड्यांतील मंडळ्या हंगामाच्या सणास उपासनामंदिर कणसांनीं सजवितात. नाताळांत मुलें कामट्या व कागद यांचे तारे करितात. हीं कामें भिंतींच्या आंतच उरकलीं, तर सणाबरोबर संपतात. शेजारच्या शेतकऱ्याची पेंढी, सुताराचा हात, बुरुडाची कामटी त्यांत असेल, तर तो तारा साऱ्या गांवाचा होतो. आम्हां शिक्षकांस याकोबांच्या चरित्रांतून हाच धडा मिळतो. अक्षर कोरणाऱ्याइतकीच गवत काढणाऱ्या शेजाऱ्याचीहि गरज असते. आणि तो शेजारी आपल्याच वेशींत, हांकेच्या अंतरावर, राहत असतो.