केशवराव जेधे

केशवराव मारुतराव जेधे (२१ एप्रिल, १८९६ – १२ नोव्हेंबर, १९५९) हे सत्यशोधक व ब्राह्मणेतर चळवळीचे पुण्यातील एक प्रमुख नेते, स्वातंत्र्यसैनिक, संविधान सभेचे सदस्य आणि लोकसभेचे खासदार होते. ब्राह्मणेतर पक्ष, काँग्रेस, शेतकरी कामगार पक्ष आणि पुन्हा काँग्रेस असा त्यांचा राजकीय प्रवास झाला. बहुजन समाज महाराष्ट्रात काँग्रेसकडे कसा वळला, तिच्यापासून का दुरावला आणि पुन्हा तिच्याकडे कसा आला, हे समजून घेण्यासाठी त्यांचे चरित्र महत्त्वाचे मानले जाते.

कुटुंब व पार्श्वभूमी

जेधे यांचा जन्म पुण्यात झाला. शिवाजी महाराजांचे सहकारी कान्होजी जेधे यांच्या भोर परिसरातील देशमुख घराण्याशी हे कुटुंब आपले नाते सांगत असे. पुण्यात कुटुंबाचा तांब्या-पितळेच्या भांड्यांचा व्यवसाय होता. ज्येष्ठ बंधू बाबूराव जेधे हे राजर्षी शाहू महाराजांच्या निकटच्या सत्यशोधक कार्यकर्त्यांपैकी होते व त्यांच्यामुळेच केशवराव सार्वजनिक कार्यात आले. शुक्रवार पेठेतील 'जेधे मॅन्शन' ही त्यांची वास्तू पुढे अनेक दशके ब्राह्मणेतर राजकारणाचे केंद्र राहिली. शेजारच्या बुधवार पेठेत २०२३ मध्ये पाडला जाईपर्यंत भिडे वाडा होता. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा याच वाड्यात सुरू केली होती. फुल्यांच्या कार्याचा हा वारसा शहराच्या मध्यवर्ती पेठांत असला, तरी विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याच्या राजकारणावर टिळकपक्षीयांचे वर्चस्व होते.

ब्राह्मणेतर चळवळ

१९२० च्या दशकात जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी पुण्यात ब्राह्मणेतर तरुणांची संघटना उभारली. गणेशोत्सवातील टिळकपक्षीय मेळ्यांना उत्तर म्हणून त्यांनी छत्रपती मेळा काढला. मेळ्यांतील पदांवरून आणि मिरवणुकांवरून शहराच्या पेठांमध्ये वारंवार तणाव निर्माण होत असे.

पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जेधे यांनी १९२५ मध्ये जोतीराव फुले यांचा पुतळा शहरात उभारावा, असा प्रस्ताव मांडला. त्याला तीव्र विरोध झाला. या वादाच्या वातावरणातच जवळकर यांनी लिहिलेली 'देशाचे दुश्मन' ही पुस्तिका प्रसिद्ध झाली. तिचे प्रकाशक जेधे होते. पुस्तिकेतील टिळक व चिपळूणकर यांच्यावरील टीकेमुळे खटला भरला गेला आणि कनिष्ठ न्यायालयाने लेखक व प्रकाशकांना शिक्षा ठोठावली. अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली व १९२६ मध्ये ते निर्दोष सुटले.

१९१९ च्या सुधारणांनुसार मुंबई कायदे कौन्सिलात मराठा व तत्सम जातींसाठी ७ जागा राखीव होत्या. त्यामुळे ब्राह्मणेतर पक्षातील एक गट सरकारशी सहकार्य करून शिक्षण व नोकऱ्यांत वाटा मिळवावा, या मताचा होता. मंत्रिपद भूषविलेले भास्करराव जाधव हे या गटाचे प्रमुख नेते होते. जेधे यांना मात्र हे धोरण अपुरे वाटू लागले.

काँग्रेसमध्ये प्रवेश व १९३४ ची निवडणूक

१९३० मध्ये सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली, तेव्हा जेधे तीत सहभागी झाले व त्यांनी कारावास भोगला. महात्मा गांधींच्या नेतृत्वामुळे काँग्रेस ही केवळ शहरी उच्चवर्णीयांची संघटना राहिलेली नाही आणि बहुजन समाजाने स्वातंत्र्यलढ्याबाहेर राहणे हिताचे नाही, अशी त्यांची धारणा झाली होती. पुण्यातील काँग्रेस नेते काकासाहेब गाडगीळ यांच्याशी त्यांचे निकटचे सहकार्य याच काळातले. जुन्या सहकाऱ्यांपैकी काहींना हा पक्षबदल चळवळीशी केलेला द्रोह वाटला, तर काहींनी जेधे यांच्यामागून काँग्रेसची वाट धरली.

या सहकार्याची कसोटी १९३४ च्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या निवडणुकीत लागली. मतदानाचा हक्क मालमत्ता व कर यांच्या अटींमुळे मर्यादित होता, तरी ही निवडणूक देशभर होत होती. मुंबई इलाख्याच्या मध्य विभागातून गाडगीळ आणि जेधे हे दोघेही काँग्रेसतर्फे निवडून आले. दहा वर्षांपूर्वी ज्या शहरात मेळ्यांवरून दोन तट पडले होते, तेथील एक ब्राह्मण आणि एक मराठा नेता एकाच पक्षाचे प्रतिनिधी म्हणून कायदेमंडळात गेले. ग्रामीण महाराष्ट्रात काँग्रेसचा पाया विस्तारण्याच्या प्रक्रियेतील हा एक निर्णायक टप्पा होता. पुढे जेधे यांनी महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले आणि ते संविधान सभेचेही सदस्य झाले.

शेतकरी कामगार पक्ष

स्वातंत्र्य जवळ येत असताना काँग्रेसमधील सत्तेची सूत्रे शेतकरी समाजाकडे नाहीत, अशी भावना जेधे यांच्या गटात बळावली. शेतमालाचे भाव, लेव्ही आणि कुळांचे प्रश्न यांबाबत प्रांतिक सरकारच्या धोरणावरही हा गट नाराज होता. १९४७ मध्ये जेधे, शंकरराव मोरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेसअंतर्गत शेतकरी-कामगारांचा स्वतंत्र गट संघटित केला. पक्षात राहून वेगळा पक्ष चालविण्यास काँग्रेसने १९४८ मध्ये मनाई केली. या निर्णयामुळे समाजवादी बाहेर पडले, तसेच जेधे-मोरे गटही बाहेर पडला व शेतकरी कामगार पक्ष स्वतंत्रपणे काम करू लागला.

नव्या पक्षाला ग्रामीण भागात मोठा प्रतिसाद मिळाला. मात्र १९५० मध्ये नाशिक जिल्ह्यातील दाभाडी येथील अधिवेशनात पक्षाने मार्क्सवादी भूमिका स्वीकारली आणि अंतर्गत मतभेद वाढले. सत्यशोधक परंपरेतून आलेले कार्यकर्ते, जमीनधारक शेतकरी आणि मार्क्सवादी तरुण यांना एकत्र ठेवणे कठीण झाले. क्रांतिसिंह नाना पाटील, दत्ता देशमुख आदींनी कामगार किसान पक्ष काढला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाला लोकसभेत २ व मुंबई विधानसभेत १४ जागा मिळाल्या. काँग्रेसला पर्याय ठरण्याची अपेक्षा फोल ठरली. त्यानंतर मोरे, जेधे यांच्यासह पक्षाचे अनेक संस्थापक टप्प्याटप्प्याने काँग्रेसमध्ये परतले.

संयुक्त महाराष्ट्र आणि १९५७ ची निवडणूक

६ फेब्रुवारी, १९५६ रोजी पुण्यातील टिळक स्मारक मंदिरात जेधे यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या सभेत संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. मराठी भाषकांच्या एका राज्याच्या मागणीवर काँग्रेसविरोधी पक्ष या समितीत एकत्र आले. १ नोव्हेंबर, १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले व यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. त्यामुळे महाराष्ट्रातील काँग्रेसजनांपुढे पक्षनिष्ठा आणि भाषिक राज्याची मागणी यांत निवड करण्याचा प्रसंग आला.

१९५७ च्या लोकसभा निवडणुकीत जेधे बारामती मतदारसंघातून काँग्रेसचे उमेदवार म्हणून उभे राहिले. पश्चिम महाराष्ट्रात समितीची लाट होती. पुण्यातून समितीने पुरस्कृत केलेले प्रजासमाजवादी नेते ना. ग. गोरे विजयी झाले. जेधे यांचे शेतकरी कामगार पक्षातील पूर्वीचे सहकारी नाना पाटील साताऱ्यातून कम्युनिस्ट पक्षाचे खासदार झाले. अशा परिस्थितीतही जेधे बारामतीतून निवडून आले. ज्या समितीच्या स्थापनेच्या सभेचे ते अध्यक्ष होते, तिच्या विरोधी पक्षातून हा विजय मिळाला असल्याने त्यांच्या भूमिकेवर टीकाही झाली.

मृत्यू व बारामती पोटनिवडणूक

खासदार असतानाच १२ नोव्हेंबर, १९५९ रोजी जेधे यांचे निधन झाले. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, १ मे, १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्यांच्या निधनाने रिक्त झालेल्या जागेसाठी १९६० मध्ये पोटनिवडणूक झाली. काँग्रेसने त्यांचे पुत्र गुलाबराव जेधे यांना, तर शेतकरी कामगार पक्षाने वसंतराव पवार यांना उमेदवारी दिली. वसंतरावांचे धाकटे बंधू शरद पवार यांनी या निवडणुकीत काँग्रेसचा प्रचार केला. गुलाबराव जेधे विजयी झाले. केशवरावांनी ज्या पक्षाच्या स्थापनेत पुढाकार घेतला होता, त्याच पक्षाचा त्यांच्या पुत्राने पराभव केला.

मूल्यमापन

जेधे यांच्या पक्षांतरांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. एका मतानुसार प्रत्येक बदलामागे सत्तेच्या जवळ राहण्याचा विचार होता आणि त्यामुळे सत्यशोधक चळवळीची सामाजिक धार बोथट झाली. दुसऱ्या मतानुसार त्यांचे पक्ष बदलले, तरी ग्रामीण बहुजन समाजाला राजकीय सत्तेत वाटा मिळवून देण्याचे उद्दिष्ट कायम राहिले. १९३० मध्ये ते काँग्रेसमध्ये गेले, तेव्हा त्यांच्यापुढे तुरुंगवास होता आणि १९४८ मध्ये त्यांनी काँग्रेस सोडली, तेव्हा ती सत्तारूढ होती. या दोन्ही घटनांकडे दुसऱ्या मताचे समर्थक लक्ष वेधतात. १९५७ पूर्वीच्या पुनःप्रवेशाला मात्र हा युक्तिवाद तितकासा लागू पडत नाही.

त्या काळी पक्षांतरावर कायदेशीर बंधन नव्हते. पक्षांतरबंदीची तरतूद १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आली. निवडणूकपूर्व जनमत चाचण्यांची पद्धतही रूढ झालेली नव्हती. त्यामुळे एखादा समाज कोणत्या पक्षाकडे झुकतो आहे, याचा अंदाज सभांची गर्दी, स्थानिक संस्थांच्या निवडणुका आणि जेधे यांच्यासारख्या नेत्यांचे जाणे-येणे यांवरून बांधला जात असे. स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रात काँग्रेसच्या नेतृत्वात ग्रामीण मराठा समाजाला जे स्थान मिळाले, त्याची पायाभरणी १९३० च्या दशकात गाडगीळ व जेधे यांच्या सहकार्याने झाली, याबाबत फारसे दुमत नाही.

स्मारके

पुण्यातील स्वारगेट येथील चौकाला व तेथील उड्डाणपुलाला देशभक्त केशवराव जेधे यांचे नाव देण्यात आले आहे. इतिहासकार य. दि. फडके यांनी त्यांचे चरित्र लिहिले आहे.